उद्देश, पाचशे शब्दांत

अर्जात मी तीन आहे.
जन्मदाखल्यावर होनगेकार, दहावीला होनगेकर,
आधारवर बाबांचं नावच आडनाव झालेलं.
कोर्टासमोर छत्री लावून बसणारे नोटरी हुक्केरी म्हणाले,
"तिन्ही तूच, असं शपथपत्र करूया की."
शंभराचा बाँड. शपथेवर एक झाले.

खानापूरहून बेळगावची ही तिसरी फेरी.
दाखले कानडीत, अर्ज इंग्रजीत,
मधलं जे मराठीत सुचतं
त्याला रकाना नाही.

हाच विषय का? पाचशे शब्द.
लिहिलं : सिरॅमिक्स, तापमान, सच्छिद्रता.
नाही लिहिलं ते असं, की कारखान्यात बाबा
भट्टीतून निघालेलं कौल टिचकीनं वाजवून
कानाशी धरतात.
खणकलं तर घरावर,
बद्द वाजलं तर बांधावर.
का, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.
मला तेवढंच विचारायला एवढ्या लांब जायचंय.

फी त्यांची, विमान त्यांचं.
व्हिसा आणि जाड कोट आपला.
आई भिशीचा नंबर मागायला
निंगव्वाच्या दारातून दोनदा परत फिरली.
तिसऱ्यांदा निंगव्वाच बाहेर आली :
"होग्ली बिडव्वा."
जाऊ दे, म्हणाली.
भिशीचं की पोरीचं,
आईनं विचारलं नाही.

रात्री पावणेबाराला, लाईट जायच्या आत,
अर्ज गेला.
"पोचला?"
माहीत नाही बाबा, मार्चमध्ये कळेल.
त्यांनी माझा फोन हातात घेतला,
काचेवर टिचकी मारली
आणि कानाशी धरला.