ठसा

बिराजदार मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं :
रडायचं नाही, शब्द द्यायचा नाही,
पाण्याची बाटली घरून आणायची.
एप्रिल होता. अक्कलकोट रोडच्या डांबराला
चपलेचा तळवा चिकटायचा.

आम्ही तिघं. मी, मुजम्मिल,
आणि श्रावणी चिलवेरी, जिला तेलुगू येत होतं
म्हणून दारं तिलाच आधी उघडायची.
दीड महिन्याच्या इंटर्नशिपमध्ये मला एकच शब्द आला : लेदु.
नाही.
पेन्शन लेदु. रेशनवर नाव लेदु.
नळाला पाणी? ते पाचव्या दिवशी.

अंबुबाई दुस्सा, वय अंदाजे एकसष्ट.
अंदाजे फॉर्मात बसत नाही,
मी एक जानेवारी लिहिलं, सगळे लिहितात तसं.
सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात भिजलेली पानं,
मांडीशी कात्री आणि पत्र्याचा साचा.
बोलताना डोळे आमच्याकडे,
बोटं विडीकडे.
अकरा महिने पेन्शन बंद. कारण :
हयातीचा दाखला नाही.

सेतू केंद्रात यंत्रानं तिचा अंगठा नाकारला.
मग तर्जनी. मग मधलं. मग डावा हात.
पोरगा म्हणाला, मावशी, जोरात दाबा.
मग म्हणाला, पुसून दाबा.
कारखान्यात मोजून द्यावीत
तशी तिनं दहाही बोटं एकेक मांडली
आणि यंत्रानं दहाही छाट काढली.
ती श्रावणीला काहीतरी बोलली.
श्रावणी तेव्हा सांगेना. रिक्षात सांगितलं :
"माझ्या रेषा लोकांनी ओढून टाकल्या, म्हणते."

मुजम्मिलनं अर्ज लिहिला, त्याचं अक्षर बरं.
सदर महिला हयात आहे,
हे आम्ही समक्ष पाहिलं आहे.
साहेबांनी वाचला, परत सरकवला.
इंटर्नची सही चालत नाही.
मग मॅडम आल्या, पंख्याखाली उभ्या राहिल्या,
बस म्हटलं तरी बसल्या नाहीत.
पोच मिळाली. शिक्का तिरका, तारीख पुसट.

शेवटच्या दिवशी अंबुबाईनं विचारलं,
"तुला किती देतात गं?"
काही नाही, म्हटलं. सर्टिफिकेट देतात.
तिची बोटं थांबली, पहिल्यांदाच.
"आम्हाला हजारामागं तरी मिळतात की."
आणि शेंगाचटणीची पुडी माझ्या पिशवीत कोंबली.

अहवालात प्रश्न सातवा :
या काळात आपण कोणता ठसा उमटवला? शब्दमर्यादा दीडशे.
मी पोचपावतीची झेरॉक्स जोडली.
कागदाला चटणीचं तेल लागलं होतं, एका कोपऱ्यात,
त्यात माझ्या बोटाच्या रेषा स्पष्ट.

जूनमध्ये विभागात हजेरीच्या यंत्रावर अंगठा टेकवला.
हिरवा दिवा. लगेच.
उचलून पुन्हा टेकवला. पुन्हा हिरवा.
तिसऱ्यांदा टेकवताना मागून कुणी ओरडलं :
"किती वेळा गं? आहेस की तू.
सरक, रांग आहे."