गाय मासे खाते

रात्रपाळीला डॉक्टर झ्देन्का पाझ्देरोव्हा
बोकडांचे ताप बघून झाले की हात धुते,
कोपरापर्यंत, सावकाश,
आणि पणजोबांच्या भावाची वही काढते.
होस्तिमिल पाझ्देरा. मत्राह, मार्च अठराशे सत्त्याण्णव.
ती चेकमधून तिच्या इंग्रजीत आणते,
मी तिच्या इंग्रजीतून माझ्या मराठीत;
मधल्या मधे एखादा उंट लंगडा होत असेल,
त्याला आम्हा दोघांकडेही इलाज नाही.

बाहेर बर्बेराहून उतरलेली नऊशे मेंढरं
खोकतायत.

होस्तिमिलनं आधी समुद्र पाहिलेला नव्हता.
त्याच्या गावी तळं होतं, तळ्यात कार्प,
काठावर हंस, पलीकडे चर्च.
म्हणून इथलं सगळं तो तळ्याच्या मापानं मोजतो.
उंटाची मान : दाणा हिसकावलेल्या हंसिणीची.
उंटाचं ओरडणं : चर्चमधला जुना ऑर्गन,
भाता उंदरांनी कुरतडलेला.
दगडावरची घोरपड म्हणजे
व्हिएन्नाच्या कचेरीतला कारकून, जेवणानंतरचा.
झ्देन्का हसते. मीही.
मग पान उलटतं
आणि तो एका हरणीला गोळी घालतो.
"सुंदर प्राणी. अठरा किलो."
दोन्ही वाक्यांना एकच शाई.

पाणक्याच्या गाढवाला तीन पानं.
दात, खूर, पाठीवरची जखम, पखालीचं वजन,
कान कसे फिरतात त्यावरून स्वभाव.
ते हाकणाऱ्या पोराला एक ओळ :
"मुलगा. नाव विचारायचं राहिलं."

झ्देन्का इथे दर वेळी थांबते.
मी माझ्या रजिस्टरकडे बघत नाही.
त्यात कानांचे बिल्ले आहेत, नऊशे आकडे, एकही गाळलेला नाही,
आणि जनावरं उतरवणाऱ्यांच्या रकान्यात
"हमाल : ११".

मग ती गाय येते.
बुटकी, वशिंडाची, गल्लीत एका दाराशी बांधलेली,
पुढ्यात गवत नाही, वाळवलेल्या तारल्या.
ओळ लिहिलेली, खोडलेली, पुन्हा लिहिलेली :
"गाय मासे खाते.
घरी कुणाला खरं वाटणार नाही. गाय मासे खाते."

मी वेंगुर्ल्याचा. सुकटीच्या वासात वाढलेला.
पण तारली, गाईपुढे?
आई म्हणाली असती, शिव शिव,
आणि मग हळूच : दूध किती देते?

होस्तिमिललाही तेच पडलं असावं.
दारातून एका बाईनं, म्हणजे तिच्या फक्त हातानं,
वाटी पुढे केली.
"दुधाला समुद्राचा वास,"
एवढंच लिहितो तो.
हंसीण नाही, ऑर्गन नाही, कारकून नाही.
एक ओळ कोरी सोडलेली,
तिच्याखाली अक्षर बारीक झालेलं :
"गाय माझ्याकडे बघत राहिली.
हा कोणता प्राणी, हे तिला ठरवता येईना."

सबंध वहीत ही एकटीच,
जिचं वजन त्यानं नोंदवलेलं नाही.

पहाटे चारच्या सुमाराला एक मेंढी बसली ती उठेना.
झ्देन्कानं टॉर्च दातांत धरला, मी मान धरली,
बिल्ला चारशे सहा.
लोकरीत ऊब, मुताचा वास,
आणि डोळ्यात ती आडवी बाहुली,
दार किलकिलं ठेवल्यासारखी.
झ्देन्का चेकमध्ये काहीतरी पुटपुटली, मी मालवणीत.
भाषांतर कुणी मागितलं नाही.

हमालांतला एकजण चहा घेऊन आला.
सात महिने रोज हाच आणतो,
माझ्यात साखर कमी, हे त्याला ठाऊक आहे.
"तुझं नाव काय रे?" मी विचारलं,
मेंढीची मान न सोडता.

"आता?" तो म्हणाला,
आणि कप ठेवायला
कोरडी जागा शोधू लागला.