माड बेचाळीस, कुणबीण एक

बागेच्या हद्दीपायी मोडी शिकलो, साठी उलटल्यावर.
जैतापूरच्या खाडीकडची ती यादी, कसर लागलेली,
बोरू न उचलता लिहिलेली:
माड बेचाळीस, पोफळी शंभरावर, बाव एक,
म्हैस गाभण एक,
कुणबीण एक, नावे भिवरी, उमर वर्षे अकरा,
उजवे कानामागे वण.
किंमत म्हशीहून चार रुपये कमी.

कुणबीण, म्हणजे विकतची.

कानामागचा वण कुणाला दिसला असेल?
केस बाजूला सारून, हनुवटी धरून,
बाजारात भोपळा फिरवून बघतात तसं बघताना.

बाप, गाव, घाटावरून आणली की गलबतातून,
काही नाही.
पुढल्या सालच्या यादीत रेडकू आहे.
भिवरी नाही.

वकील म्हणाले, झकास, हद्द शाबीत होते.
तेवढी ओळ नकलेत नको. उगाच.

संध्याकाळी माड मोजले. एकोणीस, तेही नंतरचे.
बाव मात्र तीच.
रहाटाखालचा काठ एका जागी आत झिजलाय.
दोरानं, असं सगळे म्हणतात.
तिथं हात ठेवून बघितला.
माझा मोठा पडला.

नक्कल परत लिहिली, ओळीसकट.
फी पानाला असते,
ओळीला नाही.