राहिनी

शनिवारी आठवीच्या खिडक्यांना
सरकीची पोती टांगून मी अंधार करते.
बेटावदचं ऊन तरी शिवणीतून घुसतं
आणि चादरीवरच्या बर्फावर
पिवळे ठिपके पडतात.

परदेशातलं स्टेशन. बाकावर एक बाई,
मांडीवर पेटी.
ती बोलते ते मलाही अर्धंच कळतं,
हे वर्गाला माहीत नाही.

आवाज बंद केला. म्हटलं, सांगा,
काय करते आहे ती?
पंख्याची कटकट.
मग मागून हर्षल, "तिले थंडी वाजी राहिनी."
हशा.
"गाडी चुकनी तिनी!"
"नही रे, ती कोनीतरी वाट देखी राहिनी,"
जागृती मालचे म्हणाली,
ती हसत नव्हती.

एकतीस पोरं, पाच टॅब, स्वाध्याय सातवा.
शी इज, पुढे रिकामी जागा, फॉर समवन.
जागृतीनं टाकलं वेट. लाल फुली.
वेट्स. लाल फुली.
ट्राय अगेन, म्हणतं यंत्र,
माझ्याहून गोड आवाजात, न थकता.

आठ वर्षं सांगतेय, आयएनजी लावा, आयएनजी.
एकानं लावलंही होतं एकदा, स्वतःच्या नावाला.

त्या दिवशी काय झालं कोण जाणे,
खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं
देखी राहिनी.
मी, जी "शुद्ध बोला" म्हणून
याच पोरांना उभं करायची.
राहिनीखाली रेघ ओढली.
म्हटलं, हेच ते. तिकडे याला आयएनजी म्हणतात.

वर्ग फळ्याकडे बघत राहिला,
घरातलं भांडं कुणी देवळात मांडावं तसा.

"मंग वेटिंग?" जागृती म्हणाली.
"आबाना तिकीटवर ऱ्हास तेच?"
आबा तिचा उधन्याला, साडीच्या मिलमध्ये.
दिवाळीला येतो म्हणाला होता,
होळीही होऊन गेली.

हिरवी खूण. टिंग. दहा गुण.
तिनं गुण पाहिलेच नाहीत.
चादरीवर बाई तशीच थांबलेली,
तोंड अर्धं उघडं, पेटीवर हात.

"मॅडम, शेवटले तो येस का?"

शेवट मी पाहिलेला नव्हता.
स्वाध्यायापुरती अकरा मिनिटंच
उतरवून आणली होती घरून.

येस, मी म्हटलं,
कोणत्या भाषेत, ते माझं मलाही कळलं नाही,
आणि पोती काढायला उठले.