पाचवी खुर्ची

इलोइलोत, ला पाझच्या बाजारामागे, मासळीच्या खोक्यांना खेटून
मनांग लुर्देसचं दुकान. पत्र्याखाली पाच संगणक,
प्रत्येकाला लोखंडी जाळी, जाळीत एक फट,
फटीत एक पेसो टाकला
की पाच मिनिटांचं राज्य.

आम्ही पाच जण, कामं वाटलेली.
आर्नुल्फो ढाल. पुढं उभं राहायचं आणि मार खायचा.
"घरी सराव होतो," म्हणायचा, आणि हसायचा.
तितो आणि बोय, जुळे, डाव्या-उजव्या अंगाला,
शत्रूपेक्षा एकमेकांवरच जास्त खेकसत.
मी तिरंदाज. माझ्या नावापुढे आकडे चढत.
आणि पाचव्या खुर्चीत, पाठ मोडलेल्या,
मारिविक. वैदू.

वैदू व्हायला कोणी भांडत नसे.
सामना संपला की यादी यायची, कोणी किती मारले.
तिच्यापुढे शून्य.
"आजही भोपळा?" मी विचारायचो.
ती नाक ओढत म्हणायची,
"तू किती वेळा मेलास?"
"एकदाही नाही."
"मग?"

त्या 'मग'चा अर्थ लागायला मला अकरा वर्षं लागली.

ती शत्रूकडे बघतच नसे.
पडद्याच्या कोपऱ्यात आमच्या चार हिरव्या रेघा,
त्यांच्यावर तिचे डोळे, दुधाच्या पातेल्यावर असावेत तसे.
आर्नुल्फोची रेघ अर्ध्याखाली उतरू द्यायची, आणखी थोडी,
आम्ही ओरडायचो, ती ढिम्म,
आणि मग एक बोट.
कारण मंत्र एकदा खर्चला की वीस मोजावे लागत,
आणि ते वीस फक्त तीच मोजत होती.
कधी द्यायचीच नाही.
बोय एकटाच कुणाच्या तरी मागे उधळला
तर त्याची रेघ विझताना नुसती बघायची.
"एकासाठी चौघं नाही घालवणार."
बोय दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता.

त्या शनिवारी जारोची पोरं आली,
नवे हेडफोन, पैज पाच वाट्या बाचॉयची.
खिंडीत गाठ पडली. ठरलं होतं :
खिंड सोडायची नाही.
मी सोडली.
एक जखमी जादूगार पळत होता, आयता,
आणि मला माझा आकडा दिसत होता.
माझ्या मागं आलेला वार मारिविकनं अंगावर घेतला.
वैदू पडली. परत उठायला तीस मोजायचे.

खिंडीत आर्नुल्फो एकटा,
आणि त्याच्या पडद्यावर लाल अक्षरं : वेळ संपत आली.
त्याचे दोन्ही हात कळांवर, खिसे रिकामे.
"नाणं! कुणीतरी नाणं!"
तितो शिव्या देत होता. बोयही.
मी माउस सोडला नाही.

खुर्ची सरकल्याचा आवाज.
मेलेली मारिविक उठली,
दोन पावलं, जाळीची फट,
टण्ण.

आर्नुल्फोनं खिंड लढवली.
जुळे वळून आले, शेवटचा बाण माझा,
मनांग लुर्देससुद्धा टाळ्या वाजवत होती.
यादी आली. माझे सतरा.
मारिविकचं नावच नव्हतं.
तिचा पडदा काळा. ते नाणं तिच्या स्वतःच्या वेळेचं होतं.
शून्यसुद्धा नाही.

बाचॉय मात्र तिनं दाबून खाल्लं,
रस्सा तीनदा मागून घेतला
आणि माझ्या वाटीतलं कुरकुरीत उचललं, न विचारता.

आता मी मालवाहू जहाजाच्या इंजिनघरात असतो.
रात्रपाळीला सहा काटे, हिरव्या पट्ट्यात राहतील असं बघायचं.
वर डेकवर कुणाला माझं नाव ठाऊक नाही.
पहाटे नोंदवहीत लिहितो :
बिघाड, शून्य.
आणि का कुणास ठाऊक, नाक ओढतो.

एक सांगायचं राहिलं.
त्या शनिवारी माझ्या खिशात
दोन पेसो होते.