निम्म्या किमतीचं अक्षर

खोली तीन चटयांची.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात,
मी पसरले, तर दार लागेना.
मग तिरकी झोपले.
भिंतीपलीकडे कुणीतरी खोकत होतं रात्रभर,
थांबून थांबून,
जणू प्रत्येक खोकल्याची परवानगी घेऊन.

मिनामी-सेंजू स्टेशन. मागे रुळांचा गुंता.
जुनी माणसं या वस्तीला सान्या म्हणतात,
माझ्या नकाशात ते नाव नाही.
मालकीणबाई हान्यू चष्म्यावरून आधी मला पाहतात,
मग माझ्या सॅकला, जास्त वेळ.
आंघोळ नऊपर्यंत, हे सांगायला
एका पंजावर दुसऱ्या हाताची चार बोटं ठेवतात.

खोली सोडून दिवसाला दीड हजार येन.
दुसऱ्या दिवशी एकशे ऐंशी वाचवायला
सुमिदाच्या काठाने दोन तास चालले,
तहान लागली, एकशे साठचं पाणी प्याले.
नफा वीस येन
आणि टाचेला फोड.

निहोनबाशीच्या एका दुकानात
लाकडी पेटीत, मऊ कागदावर, एक खरबूज निजलं होतं.
किंमत माझ्या सहा रात्रींची.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
त्याची खोली काही फार मोठी नव्हती,
पण त्याला पाय नव्हते.

संध्याकाळी आठ. सुपरमार्केटचं मागचं शेल्फ.
सात-आठ माणसं उगाच लोणची न्याहाळत उभी.
मी डब्याला हात घातला तर
शेजारच्या टोपीवाल्या म्हाताऱ्याने मान हलवली: अजून नाही.
मग एप्रन घातलेला एक पोरगा आला,
लेबलं चिकटवत, टक्, टक्,
आणि लोणच्यांत कुणालाच रस उरला नाही.
एक उभी काठी, दोन आडव्या, डोक्यावर दोन ठिपके.
निम्मं.
या शहरात मी वाचायला शिकलेलं पहिलं अक्षर.
शेवटचा माशाचा डबा त्याने माझ्याकडे सरकवला,
स्वतः भाताचे दोन गोळे घेतले, आणि खोकला.
तो खोकला माझ्या ओळखीचा होता.

नाव इसोगाई.
लाँड्रीबाहेरच्या बाकावर आम्ही जेवलो.
मधे माझा फोन, दुभाष्या,
त्याची चार वाक्यं गिळून एक देणारा.
पश्चिमेकडे चॉपस्टिक रोखून तो म्हणाला,
तिकडे एक उंच इमारत आहे. काचा आम्ही लावल्या.
लिफ्ट तेव्हा यायची होती.
आता वर जायला पैसे पडत नाहीत म्हणे.
नंतर कधी गेलात का वर?
काम असतं तेव्हा वेळ नसतो, म्हणाला.
भाताचं एक शीत बोटाने टिपून तोंडात टाकलं.
काम नसतं तेव्हा बूट बरे नसतात.

आणि मग, फोनकडे न बघता, मला कळेल अशा थाटात:
उत्तरेच्या कोपऱ्यातली काच.
खाली पट्टीवर खिळ्याने नाव कोरलंय.
बघून ये.

गेले.
फुकट ते पौष्टिक म्हणून रांगही मोठी.
कान दडे बसले, दार उघडलं,
आणि एवढं शहर, एवढं,
की एवढ्याशा तीन चटया त्यात कुठे पडल्या असतील
ते शोधायचं मी सोडून दिलं.
उत्तरेच्या कोपऱ्यात गालिचा. पट्टीवर नवी पट्टी.
गुडघ्यांवर बसून नखाने ती उचकटू लागले
तर पांढऱ्या हातमोज्यांची एक बाई धावत आली,
काही हरवलंय का, विचारत.
हो म्हणाले.
तीही वाकून शोधू लागली,
बराच वेळ, अगदी मनापासून.

रात्री आठ. तेच शेल्फ. लोणची.
तो माझ्याकडे बघत नव्हता.
दिसलं, मी म्हणाले.
त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.
तेवढ्यात एप्रनवाला पोरगा वळला,
टक्, टक्,
आणि आम्ही दोघंही पुढे झालो.

हिशोबाच्या वहीत त्या तारखेला:
वर जाणं, फुकट.
मासा, एकशे नव्वद.
दिसलं,
आणि पुढे रकाना तसाच.