गेरलिंडे

अक्षरामागे बावीस युरो.
आधीच सांगून टाकतो, मागाहून कटकट नको.
विल्ट्रूड बोटांवर मोजते :
अख्खं नाव कोरलं तर आठ अक्षरं,
नुसतं लिंडे कोरलं तर पाच.
"आईला सगळं गाव लिंडेच म्हणायचं," ती म्हणते,
"पुढचं गेर कशाला हवंय?"

गेर म्हणजे भाला.
तिला ते ठाऊक नाही. मलाही नसतं,
पण माझ्या बापाने चाळीस वर्षं नावंच कोरली
आणि जाताना हातोडीबरोबर एक वही ठेवून गेला,
नावांची पोटं फाडून आत काय आहे ते दाखवणारी.
जुन्या लोकांना भारी हौस,
लेकीच्या दुपट्यात लढाई गुंडाळायची,
रांगायच्या आधी तिच्या हातात ढाल द्यायची.

लिंडेपुढे वहीत तीन शब्द आहेत, त्यातले दोन खोडलेले.
आधी लिहिलंय : चर्चमागचं झाड.
मग : त्या झाडाच्या लाकडाची ढाल.
मग : मऊ.
मऊ या शब्दाखाली दोनदा रेघ.
कोणाला विचारून खात्री केली, कोण जाणे.

मऊ भाला.
कुठल्या लोहाराने घडवला असेल?

विल्ट्रूडला विचारलं, नाव कोणी ठेवलं?
"आजीने. तिच्या आत्याचं नाव.
आत्याला मूलबाळ नव्हतं, शिलाई मशीन होतं.
म्हटलं, नाव चालवलं तर मशीन येईल घरी."
आलं?
"छे! आत्या ते पाद्रीच्या स्वयंपाकिणीला देऊन गेली."
दोघंही हसलो, तिथेच,
न कोरलेल्या दगडांच्या मध्ये उभे राहून.
पोरीकडे मात्र नाव राहिलं.
परत कोणाला करणार?

मला ती आठवते ती जूनमधली.
टोकाला आकडा लावलेली लांबच लांब काठी,
चर्चमागच्या झाडाची फांदी खाली ओढलेली,
एप्रन फुलांनी भरलेला, केसांत मधमाश्या.
नगरपालिकेची माणसं करवत घेऊन आली
गाड्या लावायला जागा करायची म्हणून,
तेव्हाही तीच काठी होती हातात.
ती काही बोलली नाही.
काठी आडवी धरून बुंध्याला पाठ लावून बसली,
जेवायची वेळ झाली तरी तशीच.
माणसं गेली. मग कधी आलीच नाहीत.
झाड अजून आहे. गाड्या रस्त्यावरच.

दर हिवाळ्यात आमच्या दारात एक कागदी पिशवी यायची,
त्याच फुलांची, वाळवलेली.
बापाच्या छातीत दगडाची धूळ बसली होती,
रात्र रात्र खोकायचा.
गरम पाण्यात फुलं टाकून प्यायचा
आणि वही उघडून बसायचा.

"पाचच," विल्ट्रूड म्हणते, आणि पाकीट काढते.
बरं, पाचच.

वाळूचा दगड नाजूक असतो,
जोर लावला की कड उडते.
दोन दिवस लागले.

काल बघायला आली. डोकं तिरकं करून म्हणाली,
"नाव मधोमध नाहीये. उजवीकडे सरकलंय."
हो, सरकलंय.
डावीकडे तीन अक्षरांची जागा कोरी ठेवलीय.
त्याचे पैसे नाहीत.
भाला दाराबाहेर टेकवून
ती आत गेली आहे, असं समज.